गोलकीपरचा वाटा

हॉकीच्या टीममध्ये गोलकीपरला किती पैसे द्यावेत, या विषयावर मी एकदा मालकांसमोर बोललो होतो. एरवी मी मीटिंगमध्ये मान डोलावणारा माणूस. त्या दिवशी मात्र असा मुद्देसूद बोललो, की मालकांनी चष्मा काढून ऐकलं. ते बोलणं तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसलं आहे. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

नव्वदीच्या मधली वर्षं. बेंगळूरजवळ बोम्मसंद्राला व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका फॅक्टरीत मी पर्सोनेल खात्यात असिस्टंट होतो. मूळचा बेळगावचा, कॉलेज धारवाडला. कॉलेजच्या टीमचा मी गोलकीपर होतो, फार मोठा नव्हे, पण होतो. हे मी नोकरीच्या अर्जात उगाच लिहून ठेवलं होतं. मालकांना हॉकीचं वेड. त्यांनी अर्ज वाचला आणि फॅक्टरीच्या टीमचं सेक्रेटरीपद माझ्या टेबलावर आणून ठेवलं. पगार तोच, काम दुप्पट.

टीमच्या खर्चाला एक छत होतं, आणि ते मोठं विचित्र होतं. मी लागायच्या आधी एकदा युनियनने गेटवर आवाज केला होता, की आमच्या सांबारात डाळ सापडत नाही आणि ही पोरं काठ्या घेऊन पळतात त्यांना पैसे? मालक माणूस न्यायी. त्यांनी जाहीर करून टाकलं, की कंपनी कॅन्टीनसाठी वर्षाला पदरचे जेवढे पैसे घालते, त्याहून एक रुपया जास्त हॉकीवर जाणार नाही. खेळाडूंचे पगार, काठ्या, प्रवास, स्पर्धांची फी, सगळं त्यात. युनियन गप्प झाली आणि आमच्या टीमचं नशीब तूरडाळीच्या भावाला बांधलं गेलं.

आमचा सेंटर फॉरवर्ड कोडगूचा, म्हणजे कूर्गचा होता, उंच, देखणा, तोंडाळ. तो कॅन्टीनमध्ये फिटर लोकांच्या पानाशेजारी उभा राहून म्हणायचा, "अण्णा, आणखी स्वल्प भात घ्या. तुम्ही जेवलात तर माझा पगार वाढेल."

"मग तूच वाढ की," फिटर म्हणायचे, "आणि सांबारात डाळही टाक."

असं हसतखेळत चालायचं. पण दर मार्चमध्ये पुढच्या वर्षाची वाटणी करायला आम्ही तिघं मालकांच्या केबिनमध्ये बसलो, की हसू संपायचं. मालक, कोच आणि मी. कोच सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण सगळे त्यांना मेजर म्हणत आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. आकडा ठरलेला. एकाला शंभर वाढवायचे तर दुसऱ्याच्या ताटातून काढायचे. कुणाच्या, एवढाच काय तो प्रश्न.

आमचा गोलकीपर खानापूरकडचा. अशाच एका मार्चनंतर तो आला. अंगापिंडाने किरकोळ. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं पॅकिंगला मजूर आलाय. तो पॅकिंगलाच लागला होता म्हणा. आमच्या टीममधली बहुतेक पोरं दुपारपर्यंत कुठल्या तरी खात्यात टेम्पररी आणि मग ग्राउंडवर, अशी होती. माझं मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"बेळगावचं काय ओ तुम्ही? मग सुटलो. हितं कन्नड येतंय मला, पण ह्या कोडगूवाल्यांचं कन्नड मला कळंना."

गोलात उभा राहिला की तो हलायचा नाही. चांगला कीपर उड्या मारतो असं लोकांना वाटतं. मी मारायचो. हा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत स्वस्थ उभा राहायचा, आणि मग एक पाय असा सरकवायचा, की चेंडूच येऊन त्याला लागला असं वाटावं. बघणाऱ्याला त्यात काही विशेष दिसायचं नाही. मला दिसायचं. मी जे कॉलेजची सगळी वर्षं धडपडून शिकू शकलो नाही ते हा न शिकता करत होता. ते बघताना आनंद व्हायचा, आणि आनंदाच्या खाली काहीतरी टोचायचं. तेही आता लपवत नाही.

दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. माझ्या बायकोला त्याने पहिल्याच दिवशी वहिनी करून टाकलं. तेव्हा आमच्या हॉलमध्ये माझा मेहुणा झोपायचा. बीकॉमला दोनदा आपटलेला. सासूबाईंनी त्याला बेळगावहून पाठवला तो, "त्याला मार्गाला लावा," एवढ्या एका वाक्यासह. तो शाळेत हॉकी खेळला होता. मी त्याला टीमच्या राखीव पोरांत बसवला, हाफबॅक म्हणून. मैदानावर तो क्वचितच उतरायचा, पण दरमहा पैसे यायचे, आणि सासूबाई मुली सांगून येणाऱ्यांना "कंपनीत आहे, हॉकी खेळतो" असं सांगू शकायच्या. मेजरना हे नातं ठाऊक होतं. मालकांना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो.

दुसऱ्या वर्षी आमच्या टीमने कधी नव्हे ती मजल मारली. वरच्या डिव्हिजनच्या टीमला आम्ही हरवलं. पेपरात सेंटर फॉरवर्डचा फोटो आला, कारण गोल त्याने केला होता. त्या सामन्यात आमच्यावर गोल झाला नाही, एवढंच एक वाक्य खाली होतं. ते वाक्य ज्याने केलं तो संध्याकाळी शेडमध्ये गुडघ्याला बर्फ लावून बसला होता.

"अण्णा," तो मला म्हणाला, "एक खोली बघितलीया. चला की बघायला."

चंदापूरला एका म्हाताऱ्या अक्काच्या घरामागची खोली. आत नळ. त्याची बायको आणि मुलगी गावी होत्या. मुलगी जूनमध्ये शाळेत घालायची होती आणि तिला बेंगळूरला आणायची, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात होता. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, दोन्ही हात पसरले.

"गोलाएवढी हाय बघा रुंद. सांभाळतो की नाही बघा."

अक्का दारातून हसली. मग तिने बेंगळूरच्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांच्या भाड्याचा अडव्हान्स सांगितला, आणि याचं हसू गेलं. तो तिच्याशी कन्नडमध्ये बोलत राहिला, शेवटी तिने उगादीपर्यंत, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत, खोली अडवून ठेवायचं कबूल केलं. परतताना बसमध्ये तो म्हणाला, "मीटिंगात माझं तेवढं बघा. खोलीचं भाडं निघंल एवढी वाढ. अडव्हान्स मी कुठनं तरी करतो. जास्ती नको मला."

"बघतो," मी म्हणालो.

मी खरंच बघणार होतो. यावर कुणी विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही.

मार्चची मीटिंग. सेंटर फॉरवर्डला गावातली दुसरी टीम बोलावत होती. तो गेला तर पेपरात काय छापून येईल या धास्तीने मालकांनी आधीच त्याची वाढ कबूल करून टाकली होती. ती वजा करून जे उरलं, ते फार नव्हतं. मी मनात गोलकीपरसाठी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात मेजरच बोलले. वास्तविक मेजर म्हणजे फॉरवर्डवाले. "कीपर म्हणजे छत्री. ऊन असेल तर कोण विचारतो?" असं ते नेहमी म्हणायचे. पण त्या दिवशी ते म्हणाले,

"सर, यंदा कीपरला द्यायला पाहिजे. शेवटची दोन राखीव पोरं सोडून देऊ. त्यांचे पैसे याला द्या. राखीव पोरं फुकट मिळतात, असा कीपर मिळत नाही."

शेवटच्या दोघांत माझा मेहुणा होता.

मालक माझ्याकडे वळले. "तू स्वतः कीपर होतास. तू सांग. कीपरवर पैसे घालावेत का?"

आता काय झालं ते सांगतो. मला सासूबाई दिसल्या. हॉलमधली गादी दिसली. बायको दिसली, जी काही बोलणार नाही आणि न बोलता महिनाभर ताट वाढेल. आणि माझ्या तोंडातून जे बाहेर पडलं, ते ऐकून मी स्वतः चकित झालो, इतकं ते तयार होतं.

मी म्हणालो, सर, फॉरवर्डला बाजारभाव असतो, कारण गोल मोजता येतो. कीपरला भाव नसतो. चांगला कीपर आणि बरा कीपर यातला फरक वर्षाला दोन-तीन सामन्यांत दिसतो, आणि ते दोन-तीन सामने येतीलच असं नाही. ठरलेल्या पैशात बसायचं असेल तर कीपरवर कमी घालावं आणि संख्या राखावी. दुखापती होतात, राखीव लागतात. शिवाय, आणि हे माझं खास होतं, आपण यंदा त्याच्यासाठी फोमचे नवे पॅड, किकर, हेल्मेट मागवलं. इतर खेळाडू एका काठीवर खेळतात. कीपरचं सामान त्याच्याच वाट्यात धरायला हवं. तसं धरलं तर आत्ताच तो आपल्या टीममधला सगळ्यात महाग माणूस आहे.

मालकांनी कॅल्क्युलेटर ओढला. आकडे दाबले. "अरे, खरंच की."

"आणि तो कुठे जाणार नाही," मी म्हणालो. "कीपर सामानासकट कुठे जाणार? पॅड आपले आहेत."

मेजर माझ्याकडे बघत होते.  मेहुण्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला असता तर माझं बोलणं तिथेच पडलं असतं. बाहेर आल्यावर जिन्यात त्यांनी विडी पेटवली आणि म्हणाले, "गोल सुंदर मारलास. आपल्याच जाळ्यात."

त्या मुद्द्यांत खोटं एकही नव्हतं, हे मला आजही छळतं. कीपरचा भाव ठरवणं अवघडच असतं. जो गोल झालाच नाही त्याचे पैसे कसे मोजायचे? ठरावीक पैशात टीम बसवणारा कुठलाही माणूस कधीतरी हे बोलेल. पण मला कुणी प्रामाणिकपणे विचारलं असतं, तर मी याच्या नेमकं उलट बोललो असतो. फॉरवर्डच्या जागी दुसरा बसवता येतो. गोलात एकच जण उभा असतो, आणि तो पक्का आहे हे ठाऊक असलं की पुढचे दहाही जण बिनधास्त पुढे जातात. त्यांच्या गोलांत त्याचा वाटा असतो. आमचा सेंटर फॉरवर्ड त्या वर्षी जे गोल करत सुटला, ते मागे वळून बघावं लागत नव्हतं म्हणून. मला हे कळत होतं. त्या केबिनमध्ये हे कळणारा माझ्याइतका दुसरा कुणी नव्हता. म्हणून तर मला विचारलं होतं.

गोलकीपरला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. काय सांगितलं? की कागदावर तू सगळ्यात महाग खेळाडू आहेस, मालक तसं म्हणाले, त्यामुळे यंदा वाढ नाही, पुढच्या वर्षी नक्की. मला वाटलं तो चिडेल. तो पहिलं वाक्य धरून बसला.

"सगळ्यात महाग? त्या कोडगूवाल्यापेक्षा?"

"सामान धरून."

"सामान धरून का असंना की!"

संध्याकाळी शेडमध्ये त्याने हे सगळ्यांना सांगितलं. सेंटर फॉरवर्डने त्याला खांद्यावर घेतलं. "या साहेब, या! पार्टी कधी? मला दहा रुपये उसने द्या साहेब!" पोरं आठवडाभर त्याला सावकार म्हणत होती. तोही हसायचा. उगादी आली आणि गेली. अक्काने खोली दुसऱ्याला दिली. त्याने मला ते सांगितलं नाही; मला बसमधून त्या घरासमोर वाळत घातलेले दुसऱ्या कुणाचे कपडे दिसले.

मे महिन्यात मुंबईच्या एका मोठ्या ऑफिसच्या टीमचा मॅनेजर स्पर्धा बघायला बेंगळूरला आला होता. त्याने आमच्या गोलकीपरला बघितलं आणि दोन दिवसांत बोलणी संपवली. पक्की नोकरी, राहायला क्वार्टर. सामान आम्ही देऊ, म्हणाले. मुलगी मराठी शाळेत जाईल, याचा त्याला कोण आनंद. फक्त आमच्या कंपनीने त्याला सोडल्याचं रिलीजचं पत्र हवं होतं. हॉकी संघटनेच्या नियमाप्रमाणे ते महिनाअखेरीच्या आत मुंबईला पोचायला हवं, नाहीतर वर्ष गेलं. आणि तिथल्या नोकरीला वयाची अट होती. त्याच्याकडे तेवढं एकच वर्ष होतं.

मी मालकांकडे गेलो. ते कुठल्या तरी ऑर्डरच्या गडबडीत होते. "तू म्हणाला होतास तो कुठे जाणार नाही," ते म्हणाले. रागावून नव्हे. नुसते म्हणाले. "तू ठरव. सही तुझीच लागते ना? पण तो गेला तर दुसरा कीपर काय भावाने मिळतो ते मला आधी सांग."

दुसरा कीपर काय भावाने मिळतो, हे मी शोधून काढलं. दुप्पट. म्हणजे पुन्हा मीटिंग, पुन्हा शेवटचे दोघं बाहेर, आणि त्याबरोबर हेही उघड, की ज्याला भाव नसतो असं मी म्हणालो त्याचा भाव दुप्पट होता. मी जिकडे बघेन तिकडे माझंच वाक्य आडवं उभं होतं.

मी नाही म्हणालो नाही. नाही म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. मी उद्या म्हणालो.

तो रोज पॅकिंगमधून सुटला की माझ्या टेबलासमोर येऊन बसायचा. हातात कॅन्टीनचा चहा, माझ्यासाठीही एक. "झाली काय ओ सही?" मी म्हणायचो, साहेबांची व्हायची आहे. साहेबांची सही लागतच नव्हती. पत्र टाइप होऊन माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर.

एकदा तो असाच बसलेला असताना फोन वाजला. मुंबईचा मॅनेजर. "साहेब, पत्र पाठवताय ना? आमचं इथं सगळं अडलंय." इतका मोठा आवाज, की मी रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला.

"हो हो, उद्या पाठवतो," मी म्हणालो.

ठेवल्यावर त्याने विचारलं, "कुणाचा?"

"पर्चेसचा. बोल्ट आले नाहीत."

"ह्या पर्चेसवाल्यांचं कायम असंच असतंय," तो म्हणाला आणि माझा रिकामा कप उचलून नेला.

त्या दिवसांत मला खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं. खरं तर दार उघडं होतं. ड्रॉवर ओढायचा, सही करायची, शिपायाला द्यायचं. मी तासन्‌तास ड्रॉवरच्या कडीकडे बघत बसायचो. घरी बायकोने विचारलं, "त्याला सोडत का नाहीत हो?" मी म्हणालो, मालक. ती भाजी चिरत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या बाळूचं काही त्यात नाही ना?" बाळू म्हणजे तिचा भाऊ, घरात सगळे त्याला तेच म्हणायचे. मी म्हणालो, छे. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी पुन्हा कधी तिच्याकडे सरळ बघून खोटं बोललो नाही, कारण लागलंच नाही.

मुदत टळली. मी त्याला सांगितलं, साहेब बाहेरगावी होते, उशीर झाला.  तो म्हणाला, "असू दे. तुम्ही तुमच्यानं व्हईल तेवढं केलासा."

पुढच्या वेळी गावाहून येताना त्याने माझ्यासाठी बेळगावचा कुंदा आणला. एवढी खटपट केलीत म्हणून. बायकोने सगळ्यांना वाटून दिला. मेहुण्याने दोनदा मागून खाल्ला. मीही खाल्ला. त्याच्यासमोर बसून, चांगला झालाय म्हणत.

त्या वर्षी तो पूर्वीपेक्षाही चांगला खेळला. वाईट खेळला असता तर मला जरा सुटल्यासारखं वाटलं असतं. मी साइडलाइनला उभा राहायचो आणि त्याने अडवलेला प्रत्येक चेंडू माझ्या छातीवर यायचा. मुलगी गावच्या शाळेत गेली. मेहुण्याने दिवाळीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स लावला आणि मार्च यायच्या आत इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागला. हॉकीची काठी आमच्या माळ्यावर टाकून तो जो गेला तो गेला. म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याला त्याची फारशी गरजही नव्हती. पण हा हिशेब आधी कुणाला कळतो?

मार्चमध्ये मी गोलकीपरला वाढ मिळवून दिली. मेहुण्याची जागा रिकामी झाली होती ना. त्याने माझे आभार मानले.

नंतर दोनेक वर्षांत मालकांनी कॅन्टीन कंत्राटदाराला दिलं. कंपनीचा कॅन्टीनवरचा खर्च शून्यावर आला आणि मालक शब्दाचे पक्के, त्यांनी हॉकीही शून्यावर आणली. ज्यांना पॅकिंगमध्ये राहायचं त्यांनी राहावं, असं सांगितलं. सेंटर फॉरवर्ड कधीच दुसरीकडे गेला होता. मेजर गावी गेले, कॉफीच्या मळ्यात. गोलकीपर म्हणाला, पॅकिंगसाठी बायकोपोरीपासून लांब राहण्यात अर्थ नाही, मी जातो.

मी त्याला मॅजेस्टिकच्या बस स्टँडवर सोडायला गेलो. सकाळची बेळगावची बस. बायकोने चपात्या बांधून दिल्या होत्या. त्याने ट्रंक वर चढवली, खिडकीशी जागा धरली. मी शेजारच्या रिकाम्या जागेवर टेकलो. कंडक्टर दारात उभा राहून "बेळगावी, बेळगावी" ओरडत होता, इंजिन चालू होतं. मी मनाशी ठरवून आलो होतो. म्हटलं, आत्ताच.

मी सांगितलं. मीटिंग, सामानाची युक्ती, मेहुणा, ड्रॉवरमधलं पत्र, बोल्टवाला फोन. भराभर सांगितलं, त्याच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत. संपलं आणि मी उठू लागलो.

आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कंडक्टर म्हणाला, टायर बघायचाय, स्वल्प वेळ लागेल. दोघं खाली उतरून गेले.

मी अर्धवट उठलेला, तो खिडकीशी. बस एकदम गप्प झाली. पुढच्या सीटवरच्या बाईने मुलाला केळं सोलून दिलं.

"बसा की," तो म्हणाला.

मी बसलो.

"गाडी सुटायच्या टायमाला सांगितलासा." तो आवाज न चढवता बोलत होता. "म्हंजे मी काय बोलायच्या आत तुम्ही खाली उतरणार. व्हय नव्हं?"

 तेच होतं.

"किती बसत हुतं? मेजर म्हणत हुते तसं केलं असतं तर?"

मी आकडा सांगितला. अक्काच्या खोलीच्या भाड्याहून महिन्याला ऐंशी रुपये जास्त. तो ओठ हलवत राहिला. शाळेतल्या पोराला हिशेब जमला नाही की ते तसेच ओठ हलवतं. मला वाटलं तो शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. त्याने चपात्यांची पुरचुंडी मांडीवरून उचलून शेजारी ठेवली, माझ्या आणि त्याच्या मधे.

 उतरून जावं तर तोंड काळं करून पळाल्यासारखं, बसावं तर तो बाहेर बघणार आणि मी त्याच्या कानाकडे. मी तीन-चारदा "माझं चुकलं" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते शब्द त्याच्या काय उपयोगाचे होते?

शेवटी कंडक्टर वर आला. माझ्याकडे बोट करून त्याने विचारलं, तिकीट? मी म्हणालो, मी येत नाही. "मग इळी सार, इळी," त्याने हाताने खाली उतरायची खूण केली. मी उतरलो आणि खिडकीखाली येऊन उभा राहिलो. इंजिन पुन्हा सुरू झालं, पण बस मागची दुसरी बस हटायची वाट बघत होती.

"त्या मुंबईवाल्यांनी माझ्या जागेवर कुणाला घेतलं?" त्याने वरून विचारलं.

"पंजाबचा कुणीतरी आहे."

"अजून खेळतोय?"

"खेळतो. मी गेल्या वर्षी बघितला, इथं आले होते तेव्हा."

"कसा हाय?"

"बरा आहे," मी म्हणालो. "उड्या फार मारतो. तुझ्या जवळपासही नाही."

त्याने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"हे तेवढं मीटिंगात बोलला असतासा," तो म्हणाला.